सुट्टीचं गाणं, पांढरी चार

माझा आवाज जाऊन आता वर्ष होईल. एके काळी मी कुणाला मधे बोलू द्यायची नाही; आता घरातले सगळे माझ्यासमोर मनसोक्त बोलून घेतात. घ्या बाबांनो, उट्टं काढून घ्या.

घशातली गाठ सापडली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. माझा धाकटा भाऊ त्या वेळी एका सिनेमाला संगीत देत होता. सुट्टीत एकत्र जमलेल्या कुटुंबाची गोष्ट, नाचगाण्यांनी भरलेली. त्यातलं शेवटचं गाणं त्यानं माझ्यासाठी ठेवलं. जाण्याआधी आवाज कुठेतरी राहावा, एवढंच मला हवं होतं.

जन्मभर मी पेटीच्या काळी चार पट्टीत गायले. गाठीनं मला खाली पांढरी चारवर आणून बसवलं होतं. भावानं चाल त्याच पट्टीत बांधली आणि लयही संथ ठेवली, कारण प्रत्येक ओळीनंतर मला दम खावा लागायचा. सुट्टी संपलीय, सामान बांधून झालंय, पण दारातून पाय निघत नाही, असं ते गाणं झालं. रेकॉर्डिंग संपलं आणि तो रडायला लागला. मी म्हटलं, "रड नंतर, आधी चहा सांग."

दिग्दर्शकाचं तोंड मात्र गाणं ऐकून कडू झालं. "सुट्टी आहे हो, अंत्ययात्रा नाही! लय वाढवा, पट्टी चढवा. पोरं नाचली पाहिजेत."

माझ्या आजाराबद्दल त्याला अवाक्षर सांगायचं नाही, अशी मी भावाला शपथ घातली होती. दयेचं गाणं मला नको होतं. मी पुन्हा माईकसमोर उभी राहिले, वरच्या पट्टीत पहिली ओळ घेतली आणि आवाज फाटला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया होती.

"ताई, आहे त्याच रेकॉर्डिंगची पट्टी नि लय कंप्युटरवर चढवतो," भाऊ म्हणाला.

"चढव," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

सिनेमा लागला तेव्हा तो मला घेऊन गेला. पडद्यावर सगळे नाचत होते आणि कुणी चिमुरडी भराभर गात होती. मागच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "काय गोड गळा आहे हो पोरीचा!" माझ्या अंगाची आग आग झाली.

घरी येताच मी भावाला कंप्युटरसमोर बसवलं आणि हातानं खूण केली, खाली आण.

"मूळ रेकॉर्डिंग सिनेमावाल्यांनी पुसून टाकलं, ताई. आहे तेच उतरवून बघतो."

पट्टी उतरली, लय उतरली आणि मी गायला लागले. मीच होते ती! पहिली ओळ संपली. मी माझ्या श्वासाची वाट पाहिली. तो आलाच नाही. दुसरी ओळ लगेच सुरू झाली. मी छातीवर हात ठेवून भावाकडे पाहिलं.

"जलद लयीत ती धाप वाटत होती," तो खाली बघून म्हणाला. "त्यांनी सगळे श्वास कापायला लावले."

गाणं चालूच होतं. गाण्यातली ती बाई कुठेच थांबत नव्हती. मी बटण दाबून तिला बंद केलं. मग खोलीत फक्त माझा श्वास ऐकू येत राहिला, गळ्यातल्या भोकातून फुसफुसणारा. भाऊ तोंड फिरवून रडायला लागला. चहा सांग, असं म्हणायला या वेळी मला आवाज नव्हता.