शेवटच्या ओळीतली चूक

गंगूताई हिशेबाला कच्ची नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणायचं की बाई जरा मंदच होती. पंगतीला माणसं किती एवढं सांगितलं की पुरणाला डाळ किती घालायची ते ती उभ्या उभ्या सांगे, आणि तिचं पुरण कधी उरलं नाही की कमी पडलं नाही. तिचा भाऊ राधाकृष्ण कळमनुरीच्या तहसील कचेरीत कारकून होता. त्याला या गोष्टीचं मोठं कौतुक होतं, आणि त्या कौतुकातूनच हे सगळं प्रकरण सुरू झालं.

सोळाव्या वर्षी गंगूताईचं कुंकू गेलं आणि ती कुरुंद्याहून, सासरच्या घरून, भावाकडे आली. त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली होती. कुरुंद्याला सासऱ्यांची हळदीची शेती. दरवर्षी हळद शिजवायचे दिवस आले की त्यांचा निरोप येई, सून पाठवा, गड्यांच्या भाकरी थापायला घरात माणूस नाही. राधाकृष्ण काहीबाही कारण सांगून टाळी. एकदा पाठवली तर ती चुलीपुढून परत उठायची नाही, हे त्याला कळत होतं. वहिनीलाही कळत होतं, पण वहिनीच्या घरात माणसं जास्त आणि खोल्या कमी होत्या.

अशात हैदराबादेत बायकांना मास्तरीण करायचा एक वर्ग निघाल्याची बातमी कचेरीत आली. मराठी लिहायला-वाचायला यावं आणि बीजगणितातली सोपी समीकरणं सुटावीत, एवढीच अट. राधाकृष्णाने त्याच संध्याकाळी घरात जाहीर केलं, "होळीपर्यंत गंगी तयार झाली तर मी तिला हैदराबादला पोचवून येतो. न्हाई झाली, तर कुरुंद्याला पाठवू. मग मला कोणी काही बोलायचं न्हाई." वहिनीने मान हलवली. गंगूताईने तर एकदम दोनदा हलवली.

शिकवायला दत्तोपंत मास्तर येऊ लागले. राधाकृष्णाचे शाळेपासूनचे स्नेही, शिक्षण सगळं उर्दूतून झालेलं, घरी म्हातारी आई आणि दुसरं कुणी नाही. बायको बाळंतपणात गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. माणूस इतका बुजरा की पाणी हवं असलं तरी मागायचा नाही. बाजाराचा दिवस सोडला तर रोज शाळा सुटली की ते ओसरीवर येत, सतरंजीच्या एका टोकाला बसत. दुसऱ्या टोकाला गंगूताई, मध्ये पाटी, आणि उघड्या दारातून दिसेल अशी वहिनी तांदूळ निवडत बसलेली. रोज निवडण्याएवढे तांदूळ त्या घरात नव्हते, पण ते असो.

पहिल्या दिवशी मास्तरांनी पाटीवर लिहिलं: ५य + ७ = ३य + १९.

"हा य कोण?" गंगूताईने विचारलं.

"तेच तर शोधायचं," मास्तर म्हणाले. "ही कावड आहे समजा. दोन्हीकडच्या घागरी बराबर. एका बाजूचं पाणी काढलं की दुसऱ्या बाजूचंही तेवढंच काढायचं, न्हाईतर माणूस लवंडतो. आता बघा. हे सात इकडून काढले, तिकडूनही काढले. काय राहिलं?"

"पाच य बराबर तीन य अधिक बारा."

"आता तीन य दोन्हीकडून काढा."

"दोन य बराबर बारा."

"मग एक य?"

"दहा," गंगूताई म्हणाली. बारातून दोन काढले की दहा, तिला वाटलं, इतका वेळ काढायचंच तर चाललं होतं.

मास्तर हसले. टिंगलीचं नव्हतं ते हसू. त्यांना मनापासून आनंद झाला होता, कारण आता समजावून सांगायला काहीतरी मिळालं होतं. ते दोन बोटं पुढे पसरून सांगू लागले, की हे दोन य-ला चिकटलेले नाहीत, य-च दोन आहेत, दोघांत मिळून बारा आहेत, तर एकाच्या वाट्याला किती. बोलताना त्यांचा बुजरेपणा गेला, सदऱ्याच्या बाहीवरचा खडू सतरंजीवर पडला, आवाज चढला. एवढं जीव तोडून गंगूताईला आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. तिला सांगायचं ते सगळं हुकमाच्याच सुरात आलं होतं.

"सहा," ती म्हणाली.

"आता ताळा," मास्तर म्हणाले. "य-च्या जागी सहा ठेवा. पाच सक तीस अन् सात, सदतीस. तीन सक अठरा अन् एकोणीस, सदतीस. दोन्हीकडे बराबर. ताळा केल्याशिवाय उत्तराला उत्तर म्हणायचं न्हाई, गंगूताई."

त्या 'ताई'चा तिला पहिल्याच दिवशी राग आला. ते तिच्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठे होते, पण विधवा बाईला परक्या पुरुषाने दुसरं काय म्हणायचं? रीतच होती तशी. राग मात्र रीत बघून येत नाही.

पुढच्या महिन्याभरात ती सगळं शिकली. कंस फोडायला शिकली, अपूर्णांक असले तर दोन्ही बाजूंना एकाच आकड्याने गुणून ते घालवायला शिकली. घरातली कामं तिच्या हातून आपोआप होऊ लागली आणि डोक्यात घागरी हलत राहिल्या. आणि एक दिवस तिच्या ध्यानात आलं, की मास्तर आता फार बोलत नाहीत. ती बरोबर सोडवते, ते मान डोलवतात, ताळा होतो, पुढचं गणित लिहितात, दिवेलागणीला उठून जातात. बोटं पसरून सांगायला काही उरलंच नव्हतं. असंच चाललं तर चार दिवसांत ते राधाकृष्णाला म्हणतील, तयार झाली.

त्या दिवशी तिने सगळं नीट सोडवलं, कंस, अपूर्णांक, सगळं. शेवटी आलं ४य = २०, आणि खाली तिने लिहिलं, य = १६.

"अरे," मास्तर म्हणाले. "तीच जुनी चूक." आणि ते सतरंजीवर थोडे पुढे सरकून बसले, बोटं पसरली, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून समजावलं. ताळा करायला लावला, तो जुळला नाही, मग आणखी समजावलं. दिवेलागण होऊन गेली. ते गेल्यावर गंगूताईने पाटी ओल्या फडक्याने पुसली आणि ती कितीतरी वेळ पुसतच राहिली.

मग तिला तो नादच लागला. रोज एक तरी गणित शेवटच्या ओळीत बिघडायचं. आधीच्या अवघड ओळी चोख आणि शेवटची, लेकरानेसुद्धा चुकू नये अशी, चुकलेली. होळी जवळ येत होती ते तिला दिसत होतं. अजून वेळ आहे, ती स्वतःला सांगे, उद्या बरोबर सोडवीन. आणि उद्या मास्तर ओसरीची पायरी चढताना दिसले की तिचं ते सगळं शहाणपण कुठल्या कुठे जाई.

धुणं धुवायला येणारी सखुबाई एकदा म्हणाली, "मास्तर अजून येऊनच राहिले व्हय? लई अवघड दिसतंय तुमचं गनित."

"अवघड आहे," गंगूताई म्हणाली.

त्याच दिवशी, तव्याची काजळी काढताना, एक गोष्ट तिच्या मनात आली आणि हात थांबला. गेले कित्येक दिवस मास्तरांनी ताळा विचारलाच नव्हता. ती चुकीचं उत्तर लिही, आणि ते बघून मास्तर थेट समजावायला लागत. ताळ्याशिवाय उत्तराला उत्तर न म्हणणारा माणूस ताळा विसरला होता? छे. विसरला नव्हता. ताळा केला की चूक उघडी पडते, आणि तीच तीच चूक रोज उघडी पडली की ती मुद्दाम केलेली आहे हेही उघडं पडतं. त्यांना ते नको होतं. त्यांना माहीत होतं, आणि त्यांनाही हे संपायला नको होतं.

गंगूताई त्या काळ्या तव्यासमोर बसून राहिली. इतकं सुख आणि इतकी भीती तिला एका वेळी कधी वाटली नव्हती. आता त्यांनी एक शब्द बोलावा. राधाकृष्णाशी बोलावं. पुण्या-मुंबईकडे विधवांची लग्नं होतात असं सगळे म्हणत, इथे का होऊ नये? ती रोज वाट बघू लागली. मास्तर रोज येत, य-च्या दोन घागरी, तीन घागरी समजावत, आणि जाताना राधाकृष्णाशी पावसापाण्याचं बोलून जात. जो माणूस पाणी मागत नव्हता तो हे कुठून मागणार होता?

होळीच्या चार दिवस आधी राधाकृष्ण कचेरीतून लवकर आला. मास्तर ओसरीवर होतेच. तो खांबाला टेकून बसला आणि म्हणाला, "बोला दत्तोपंत. झाली का तयार?"

वहिनीचे तांदळातले हात थांबले. मास्तरांनी पाटीकडे बघितलं, गंगूताईकडे बघितलं नाही.

"अजून कच्च्या आहेत," ते म्हणाले. "शेवटच्या पायरीला चुकतात. आणखी दोन महिने तरी लागतील. मला काही तकलीफ न्हाई, मी येत जाईन."

राधाकृष्णाने एक मोठा सुस्कारा टाकला. "मग झालं. आज कचेरीत कुरुंद्याचा माणूस भेटला. सासरे म्हणतात हळद काढून झाली, कढया चढवायच्यात. मी जबान दिलीय घरात. परवा गाडी जुंपतो, गंगे, तुझं सामान बांध."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. होळीची अट घरातली होती, घरातच राहिली होती. गंगूताई बघत होती. बोला, ती मनातल्या मनात म्हणत होती, खोटं बोललो म्हणा, काहून बोललो तेही सांगा, आत्ता बोला. मास्तरांच्या हातातला खडू नुसता फिरत राहिला. वहिनीने आत वळून सुपातले तांदूळ डब्यात ओतायला घेतले.

गंगूताईने पाटी पुढे ओढली.

"दादा, इकडे बघ," ती म्हणाली. तिने स्वतःच एक समीकरण मांडलं, २(३य − ४) = य + २७, आणि एकेक ओळ मोठ्याने बोलत लिहीत गेली. "कंस फोडला. सहा य उणे आठ बराबर य अधिक सत्तावीस. दोन्हीकडे आठ मिळवले. सहा य बराबर य अधिक पस्तीस. दोन्हीकडून एक य काढला. पाच य बराबर पस्तीस." इथे ती थांबली. महिनाभर जिथे तिने मुक्काम केला होता ती हीच ओळ होती, आणि एवढ्या काळात तिला या ओळीइतकं काहीच आवडलं नव्हतं. मग तिने लिहिलं, य = ७.

"अन् आता ताळा. सात त्रिक एकवीस, उणे चार, सतरा. सतरा दुणे चौतीस. तिकडे सात अन् सत्तावीस, चौतीस. दोन्हीकडे बराबर."

राधाकृष्ण कारकून होता, त्याला एवढं कळत होतं. त्याने पाटीकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "कच्ची म्हणून राहिले होते ना तुम्ही?"

"माझी चूक झाली," दत्तोपंत म्हणाले. आवाज इतका बारीक होता की वहिनीने आतून मान वर केली. "तयार आहेत त्या. पक्क्या तयार आहेत. हैदराबादला पाठवा."

राधाकृष्ण हसला, त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, मास्तर लोकांना पोरं कधीच तयार वाटत नाहीत. आत जाऊन वहिनीला त्याने गूळ आणायला सांगितला. गंगूताई पाटीवर हात ठेवून बसली होती. तिला रडायचं होतं आणि ओसरीवर ते शक्य नव्हतं.

मास्तर उठले, टोपी घातली, पायरी उतरले, आणि खाली उभे राहून मागे वळले. राधाकृष्ण गूळ घेऊन दारात आला होता.

"गाडी मिळायला चार-सहा दिवस जातील तुम्हाला," ते म्हणाले. "तोवर अजून काही अडतं का? अडत असेल तर मी उद्या येतो."

त्यांनी एवढं पहिल्यांदाच मागितलं होतं, आणि तेही भावादेखत, गणिताच्या नावाने. 'हो' म्हटलं असतं तर उद्याची संध्याकाळ मिळाली असती, परवाची मिळाली असती. आणि मग तिच्याने हैदराबादच्या गाडीत पाय ठेववला नसता, हे तिला नीट माहीत होतं.

"नाही, मास्तर," गंगूताई म्हणाली. "आता काही अडत नाही."

राधाकृष्णाने खूश होऊन बहिणीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. तिचं उत्तर साफ चुकलं होतं, हे तो सोडून बाकी दोघांना कळलं होतं.