खुर्ची घेऊन निघालो, ती चूक

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ब्युनोस आयर्सच्या बसमध्ये बसणार होतो. तिथे माझ्या मामाचा कपडे शिवायचा कारखाना आहे, तळघरात. राहायचंही तिथेच. मामा फोनवर म्हणाला होता, "एलाडियो, इथे सगळं आहे बघ. फक्त खिडकी नाही." मी म्हटलं, चालेल. इतकी वर्षं खिडकीतून बघून माझं काही भलं झालं नव्हतं.

मग कुठेतरी वाचलं की नेमक्या त्याच रात्री, डिसेंबरच्या मध्याला, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, ढिगाने तारे तुटतात. झालं. मला ते बघायचेच होते, आणि एकट्याने. आयुष्यात मी कुठलीच गोष्ट एकट्याने बघितलेली नव्हती. आमच्या घरात नऊ माणसं आणि एक पंखा. पंखा मान फिरवतो, त्यामुळे वारा देवदर्शनासारखा मिळतो. समोर आलात की लगेच पुढे ढकलतात.

सगळे पंख्यासमोर आडवे झाल्यावर मी तेरेरेसाठी, म्हणजे आमच्या पाल्याच्या गार चहासाठी, बर्फाच्या पाण्याचा थर्मास घेतला, आणि फुटबॉलच्या मैदानात तांबड्या मुंग्या चावतात म्हणून एक खुर्ची खांद्यावर टाकली.

इथेच चुकलं. आमच्याकडे मयताच्या घरी रात्र जागवायला सगळं गाव जातं, आणि गावाला पुरतील एवढ्या खुर्च्या कोणाच्याच घरात नसतात. म्हणून ज्याने त्याने आपली न्यायची. पाराग्वेतल्या कुठल्याही खेड्यात रात्री खुर्ची घेऊन चाललेल्या माणसाला कुठे चाललास असं कोणी विचारत नाही.

आमची शेजारीण लिब्रादामावशी दारासमोर बादलीत पाय बुडवून बसली होती.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही, मावशी."

"मग खुर्ची?"

"बसायला."

"घरात बसता येत नाही?"

"आभाळ बघायला चाललोय."

मावशीने बादलीतून एक पाय बाहेर काढला. मग दुसरा. "जवळचंच कोणीतरी दिसतंय," ती स्वतःशी म्हणाली. "पोराच्या तोंडून शब्द फुटत नाहीये."

मी पावलं उचलली. मागून खुर्ची ओढत आणल्याचा आवाज यायला लागला. पहिल्या वळणावर एका खुर्चीचा, दुसऱ्या वळणावर बऱ्याच खुर्च्यांचा. कोणी कोणाला काही विचारत नव्हतं. उकाड्याने झोप लागतच नव्हती, त्यामुळे मयत म्हणजे त्यांना सोयीचंच होतं.

मैदानाच्या मधोमध मी खुर्ची मांडली. मागून आलेल्यांनी आपापल्या माझ्याभोवती मांडल्या, तोंडं माझ्याकडे करून. कॉफीची किटली आली, बिस्किटं आली, कोपऱ्यात पत्त्यांचा डाव पडला. वर एक तारा तुटला असावा. तेवढ्यात कोणीतरी माझं डोकं आपल्या छातीशी धरलं होतं, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.

"मयत कुठाय पण?" पत्तेवाल्यांपैकी एकाने विचारलं.

"आसुन्सिओनच्या मोठ्या इस्पितळातून आणत असतील. रस्ते बघतोस ना."

मी उभा राहिलो. "मंडळी, कोणी मेलेलं नाही. मी तारे बघायला आलोय. मेहेरबानी करा, घरी जा."

"सुरुवातीला असंच होतं माणसाचं," लिब्रादामावशी समजुतीने म्हणाली. "आमचे हे गेले तेव्हा मी दोन दिवस कोंबड्यांशी भांडत होते. कॉफी घे."

एवढ्यात सातुर्निनाबाई आल्या. गावात कोणी गेलं की जपमाळेची प्रार्थना त्याच सांगतात. काळा झगा, काळी जाड शाल, असल्या उकाड्यात. त्यांनी मला विचारलं, "नाव?"

"एलाडियो."

"तुझं नाही. मयताचं. नावाशिवाय मला सुरू करता येत नाही."

मला नाव सांगता येईना, तेव्हा लोक आपसातच शोधायला लागले. कोण आलेलं नाही ते बघायचं, म्हणजे मेलेला सापडेल, हा विचार मावशीचा. मैदानाला लागूनच राहणारे म्हातारे त्रांकिलिनोकाका आलेले नव्हते. हळूहळू सगळ्यांचे चेहरे उतरले.

"चांगला माणूस होता."

"होता. माझी कुदळ नेली ती परत केली नाही. पण चांगला होता."

सातुर्निनाबाईंनी क्रूसाची खूण केली. त्याच वेळी काकांच्या घराचं दार वाजलं, आणि काका खुर्ची घेऊन बाहेर आले.

"कोण गेलं?"

कोणी वर बघेना. शेवटी मावशी म्हणाली, "तुम्ही."

काकांनी जरा विचार केला. "मला कोणी कळवलं नाही."

खुलासा झाल्यावरही ते मनातून थोडे नाराजच होते. पण माणूस यजमानी वृत्तीचा. "अंधारात काय बसलात," म्हणाले, आणि घरातून लांब वायर ओढून गोलपोस्टला एक मोठा बल्ब टांगला. आभाळ पुसल्यासारखं गेलं. उरले बल्बभोवतीचे किडे. मी काकांना म्हटलं, बंद करा. ते म्हणाले, आभार कसले मानतोस.

"मी हा झगा घातला की कोणासाठी तरी प्रार्थना होते," सातुर्निनाबाईंनी जाहीर केलं. "आजवर तसाच घरी नेलेला नाही."

लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पोरगा उद्या जातोच आहे," मावशी म्हणाली. "ब्युनोस आयर्सला."

"तळघरात," काका म्हणाले.

"नंतर कधी तिकडेच मेला, तर रात्र जागवायला एवढी माणसं कुठून आणणार?"

यावर कोणालाच काही हरकत घेता येईना. मलाही नाही. उलट मी भराभर हिशेब केला. प्रार्थना संपली की लोक घरी जातात, तशी रीत आहे. शिवाय मयताला कोणी कॉफी देत नाही, त्याला काही विचारत नाही, आणि ते उताणं असतं. तारे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. मी होकार दिला. राखीव खेळाडूंची दोन बाकडी जोडली, त्यावर मी आडवा झालो. हात छातीवर ठेवले. वर बघितलं.

सातुर्निनाबाईंनी शालीची घडी माझ्या तोंडावर टाकली.

"मयत टकामका बघतंय, हे बरं दिसत नाही."

शालीला डांबराच्या गोळ्यांचा आणि जुन्या मयतांचा वास होता. घाम डोळ्यांत उतरायला लागला, मी डोळे गच्च मिटले. बाहेर माळेमागून माळ चालली होती. मध्ये मध्ये माझे गुणही सांगितले जात होते. त्यातले बरेच माझ्या भावाचे होते.

मग मध्येच सगळं थांबलं. बाई थांबल्या, पत्ते थांबले, कपांचा आवाज थांबला. एवढी शांतता मी आमच्या गावात कधी ऐकली नव्हती. मी ओळखलं, सगळे निघाले. आता जरा हललो तर मावशी पुन्हा किटली घेऊन बसेल. तेव्हा घाई करायची नाही, सगळे लांब जाऊ द्यायचे. मी श्वाससुद्धा बेताने घेत राहिलो. आपल्याला वेळेवर सुचलं याचं मला बरं वाटत होतं.

"तो बघ," सातुर्निनाबाई हळूच म्हणाल्या. "तो, तो. आणि तो."

मी शाल ओढून काढली. त्याच क्षणी बल्ब लागला.

घरोघरच्या पंख्यांचा भार होऊन ट्रान्सफॉर्मर बसला होता, आणि सगळं गाव काळंकुट्ट झालं होतं. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. माणसं तोंडं उघडी टाकून अजून वरच बघत होती. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हातारा झालो," ते म्हणाले, "पण असं काही बघितलं नव्हतं. पाऊस रे, नुसता पाऊस."

"हे बघायचं होतं होय तुला?" मावशी म्हणाली. "मग सांगायचं नाही का?"

काकांनी बल्ब काढला, पण तोवर दक्षिणेकडून ढग आले होते. मी उजाडेपर्यंत त्या ढगांखाली बसलो. पहाटे सातुर्निनाबाईंकडची कोणीतरी शाल न्यायला आली. मग बस आली.

आता महिन्यातून कधीही रात्री माझा फोन वाजतो. निम्मं गाव आभाळ बघत मैदानात बसलेलं असतं, आणि मावशी मला आवाजी निरोप पाठवते. चर्चकडून एक आला, हिरवट होता. नदीकडे दोन गेले, शेपटीवाले. मी मशीन थांबवून ऐकतो. मामा म्हणतो, "फोन ऐकायला वेळ आहे, मग बाह्या कोण लावणार?"

मी बाह्या लावतो.