डावीकडचं हृदय

मी रसिकाच्या टॅबची लेखणी. शाईशिवाय लिहिते म्हणून मला कमी लेखू नका.

रसिकाचं डॉक्टरकीचं पहिलं वर्ष आणि साथीमुळं कॉलेज बंद, म्हणून तिच्या बाबांनी, शशिकांतरावांनी, बालीगंजच्या बाजारातून टॅब आणला आणि त्याच्यासोबत मला. बाबा बँकेच्या बदलीनं कोलकात्यात आलेले, लेक इथंच वाढलेली. ऑनलाइन तास सुरू झाला की पडद्यावरचं प्रत्येक चित्र ती बोटानं फटाफट साठवून ठेवायची. मी आपली टॅबच्या कडेला चिकटून पडलेली. पुढं कॉलेजनं मुलांना विचारलं, डिजिटल नोट्सबद्दल समाधानी आहात का? आमच्या रसिकाबाईंनी 'पूर्ण समाधानी' ठोकून दिलं. त्या समाधानात माझा काडीचाही वाटा नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं.

मग बाबांच्या छातीत दुखू लागलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे, स्टेंट घालू, उशीर नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी साफ नकार दिला. रसिकानं साठवलेली रंगीत चित्रं एकामागून एक दाखवली, पण ते नुसती नकाराची मान हलवत राहिले. शेवटी तिनं मला उचललं.

कोऱ्या पानावर हृदय काढायला घेतलं आणि तिचा हात अडला. एवढी चित्रं जमवली, पण एकही हातात उतरलं नव्हतं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. कसंबसं जमल्यावर तिनं अडथळ्याच्या जागी लाल ठिपका दिला.

बाबांनी छातीवर हात ठेवला. "माझं दुखतंय डावीकडं आणि तू ठिपका दिलास उजवीकडं. दवाखान्यातही असाच घोळ झाला तर?"

एवढा मोठा माणूस, पण घाबरला होता. रसिका उठली, टॅबचा पडदा बाहेर करून तो त्यांच्या छातीला लावला आणि त्यांचा डावा हात धरून ठिपक्यावर ठेवला.

"आम्ही पेशंटच्या समोर उभं राहून बघतो, बाबा, म्हणून तुमचं डावं चित्रात उजवीकडं येतं. मला पण हे आज समजलं, तुम्ही समोर बसलात म्हणून."

बराच वेळ त्यांनी तो हात काढला नाही. मग म्हणाले, "उद्या जाऊ."

आता बाबा ठणठणीत आहेत. रसिका वॉर्डात जाते, पेशंटांना कागदावर चित्र काढून बंगालीत समजावते. जुना टॅब आणि मी बाबांकडं असतो. पाहुणे आले की ते टॅब छातीला धरतात आणि माझ्या टोकानं ठिपका दाखवतात. टोक झिजलंय, कधीकधी रेघ उमटत नाही. नवी आणू का, असं रसिकानं विचारलं तर म्हणाले, "हीच राहू दे."

तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी पडून असेल, तर तिला एकदा हातात घ्या. आणि मला कुणी विचारलेलं नाही, तरी सांगून ठेवते, मी पूर्ण समाधानी आहे.