इंजिनाशी बोलणारा माणूस

गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर मैदानात गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या साध्यासुध्या गाड्या नव्हत्या. बुटक्या, रुंद टायरच्या, सुरू केल्या की शेजारपाजारच्या काचा थरथरवणाऱ्या. त्यांचे मालक मात्र आत फरशीवर मांडी घालून, हात जोडून बसले होते.

मंचावर इंजिनगुरू उभा होता. पांढराशुभ्र अंगरखा, नीट विंचरलेली दाढी आणि गालाला चिकटवलेला माईक.

"तुमची गाडी तेल पिते," तो मधाळ आवाजात म्हणाला. "का पिते? तिला तहान लागते म्हणून! तहान का लागते? ती दुःखी आहे म्हणून! आणि मेकॅनिक काय करतो? तिचं पोट फाडतो. अरे, रडणाऱ्या लेकराचं पोट फाडतं का कुणी?"

"नाही!" गोदाम घुमलं.

"मी तिच्याशी बोलतो. माझा हात लागत नाही, माझा शब्द लागतो!"

दिवे मंदावले. एक लाल गाडी ढकलत आत आणली गेली. बॉनेट उघडलं. इंजिनात तेल किती आहे ते दाखवणारी जी पातळ पट्टी असते, जिला सगळे डिपस्टिक म्हणतात, तिच्यावर तार गुंडाळून लाखेचं सील केलेलं होतं. मालकाने स्वतःच्या हाताने ते तोडलं, पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल वरच्या खुणेपर्यंत काठोकाठ!

"एक थेंब कमी नाही!" मालक ओरडला आणि चक्क रडू लागला. टाळ्यांनी पत्रे हादरले.

मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मीही टाळ्या वाजवत होते. मला त्या इंजिनगुरूवर सूड उगवायचा होता, आणि त्यासाठी वाट्टेल तितका वेळ टाळ्या वाजवायची माझी तयारी होती.

माझा धाकटा भाऊ गाड्यांचा वेडा. पैसे साठवून त्याने टर्बो इंजिनाची जुनी गाडी घेतली आणि लवकरच तिचं पितळ उघडं पडलं. जोरात पळवली की मागून निळसर धूर, आणि तेल बघावं तर तळाशी. मेकॅनिकने सरळ सांगितलं होतं, "पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. इंजिन खोलावं लागेल. तोवर दर वेळी पेट्रोल भरताना तेल तपासा, कमी असलं की घाला, आणि गाडी जोरात पळवू नका."

यात चमत्कार नव्हता, त्यामुळे भावाला ते पटलं नाही. तो इंजिनगुरूकडे गेला. तिथे त्याच्या गाडीत 'शांतिद्रव' नावाची बाटली ओतली गेली आणि डिपस्टिकला सील लागलं. नियम असा, की बोलावणं येईपर्यंत इंजिनाचं मौन चालू. या काळात पट्टी बघायची नाही, गाडी कुठल्याही गॅरेजात न्यायची नाही. आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला तर? तर घाबरायचं नाही, आनंद मानायचा. गाडीचा आजार बाहेर पडतोय!

लाल दिवा लागला तेव्हा भाऊ डोंगराच्या रस्त्यावर होता. त्याने आनंद मानला. दोन वळणांपुढे इंजिन कोरडं पडून जाम झालं, गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून आलेला ट्रक तिच्यावर चढला.

भाऊ वाचला. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

हे कळल्यावर इंजिनगुरू इस्पितळात आला. हो, आला! फुलं घेऊन. शुद्धीवर आलेल्या माझ्या भावाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाला, "बाळा, दिवा लागला तेव्हा तुझ्या मनात शंका आली ना?"

भावाने मान हलवली. "आली. एक क्षणभर आली."

"तिथेच घात झाला," गुरू हळहळला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून भाऊ भिंतीकडे तोंड करून पडायचा. "ताई, माझीच चूक," एवढंच म्हणायचा. पाय गेला त्याचं दुःख डॉक्टर बघत होते. पण पाय आपल्या पापामुळे गेला, ही जखम त्याला त्या माणसाने खाटेशी येऊन, फुलं देऊन केली होती. मी ती फुलं जिन्यातल्या कचऱ्याच्या डब्यात कोंबली आणि तिथेच ठरवलं, याला सोडायचं नाही.

आधी पोलिसांकडे गेले. फौजदार सज्जन होता, पण म्हणाला, "बाई, गाडी तुमच्या भावाने चालवली. दिवाही त्यानेच पाहिला. तो तक्रार द्यायला तयार नाही. पुरावा आणा, मी स्वतः येतो."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. भावाच्या खोलीत सापडलेली शांतिद्रवाची उरलेली बाटली प्रयोगशाळेत नेली. काकवीसारखा घट्ट पदार्थ, दुसरं काही नाही. तेल घट्ट झालं की झिजलेल्या फटींतून काही दिवस कमी झिरपतं, धूर कमी दिसतो. पुढे इंजिन तापून तापून ते परत पातळ होतं, नि पहिले पाढे पंचावन्न. पण मग त्या भरलेल्या पट्ट्यांचं काय? सील तर मालक स्वतः तोडतात!

उत्तर मला भंगाराच्या आवारात मिळालं. भावाची चेपलेली गाडी बघायला गेले होते. बॉनेट अर्धवट उघडं होतं. डिपस्टिकवरची लाख जशीच्या तशी. आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर एक काळं झाकण, वर तेलाच्या डब्याचं चित्र. मी ते फिरवलं. सहज उघडलं.

तेल *बघायचं* भोक त्याने सीलबंद केलं होतं. तेल *ओतायचं* तोंड सताड मोकळं होतं!

मी तिथे उभी राहून मोठ्याने हसले. आवारातला माणूस घाबरून बघू लागला.

भावाचा एक जिवलग मित्र आहे, सगळे त्याला टर्बो म्हणतात. त्यानेही आपली गाडी गुरूकडून सील करून घेतली होती आणि तो बोलावण्याची वाट बघत होता. मी त्याला घरी बोलावलं.

"ताई, सील तोडायला सांगू नका," तो बसायच्या आधीच म्हणाला.

"सीलला हात लावणार नाही. फक्त तेल ओतायचं झाकण उघडायचंय."

"ते कशाला?"

"त्याला सील कुठंय?"

टर्बो हळूच खुर्चीत बसला. मग त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "सील उघडण्याच्या दिवशी गाड्या मागच्या शेडमध्ये ठेवायला लावतात. आम्ही पुढे भजनाला बसल्यासारखे बसतो. मधेच तो एकटा मागे जातो. म्हणतो, इंजिनांशी एकांतात बोलायचंय."

"बोलू दे," मी म्हटलं. "आपण फक्त तो कशाला हात लावतो ते बघू."

पाइपांची गळती शोधायला एक रंगद्रव्य वापरतात. साध्या उजेडात ते दिसत नाही, पण नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली हिरवंगार चमकतं. मी ते ग्रीसमध्ये कालवलं आणि टर्बोच्या गाडीच्या त्या काळ्या झाकणाच्या कडेला बोटाने पातळ थर दिला. वळणावर त्याच्या गाडीतला तेलाचा लाल दिवा आता लुकलुकायला लागला होता. म्हणजे तेल तळाला गेलं होतं. म्हणून गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून गोदामात नेली.

आणि अशी मी त्या गर्दीत बसले होते. शेवटच्या रांगेत साध्या कपड्यांत फौजदार होता.

गुरू मागे जाऊन इंजिनांशी बोलून आला होता. लाल गाडीचा चमत्कार उरकला, टर्बोची गाडी आत आली, आणि तेवढ्यात गुरूची नजर माझ्यावर पडली. त्याने मला ओळखलं. त्याच्या चेहऱ्यावर काय आनंद पसरला!

"बघा, कोण आलंय! हिच्या भावाने शंका घेतली आणि पाय गमावला. आज ताई शरण आली आहे. ये बाळ, वर ये!"

लोकांनी वाट करून दिली. मी मंचावर गेले. त्याने स्वतःच्या हाताने मला दुसरा माईक दिला. त्याला वाटलं, मी रडेन.

"गुरुजी, एकच विचारते," मी म्हटलं. "मागे शेडमध्ये तुम्ही गाड्यांना हात लावता का हो?"

"कधीच नाही!" त्याने दोन्ही हात उंचावून गर्दीला दाखवले. "माझा हात लागत नाही, माझा शब्द लागतो!"

"आजही नाही लावला?"

"बोटसुद्धा नाही!"

दिवे त्याच्याच रिवाजाप्रमाणे मंद होते. मी पर्समधून जांभळा दिवा काढला आणि त्या उंचावलेल्या हातांवर धरला.

दहाच्या दहा बोटं हिरवी पेटली.

अंगरख्यावर निळसर झाक आली. ती कपडे धुण्याच्या पावडरीची, त्यात काही विशेष नाही. पण नाकाच्या शेंड्यावर हिरवा ठिपका होता. दाढीत हिरवे फराटे होते. शंका घेणाऱ्यांवर हळहळताना तो दाढी कुरवाळायचा ना! पुढच्या रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं.

"दैवी तेज!" गुरू किंचाळला. "हे माझं तेज आहे!"

"मग ते या झाकणावर कसं?" टर्बोने बॉनेटखालून विचारलं. मी दिवा तिकडे फिरवला. काळ्या झाकणावर बोटांचे हिरवे ठसे. "लाल दिवा लागत होता माझ्या गाडीचा! काल तेल तळाला होतं. आता बघा!" त्याने सील तोडून पट्टी ओढली. काठोकाठ.

लाल गाडीचा मालक उठला. मघाशी रडलेला तोच. त्याने माझ्या हातातून दिवा हिसकावला आणि आपलं झाकण बघितलं. तिथेही हिरवं, टर्बोच्या झाकणावरून त्याच बोटांनी नेलेलं. मग गर्दी मागच्या शेडकडे धावली. पडद्यामागे साध्या इंजिन ऑइलचे डबे होते, प्रत्येकाच्या मुठीवर हिरवी बोटं.

लोक त्याला मारायला धावले. मी आणि फौजदार मधे उभे राहिलो. कृपा करून कुणी याला माझा चांगुलपणा समजू नये. मार खाल्लेल्या बाबाची दुसऱ्या दिवशी कीव येते, लोक त्याच्या जखमांनाही नमस्कार करतात. मला तो धडधाकट, हिरव्या नाकाचा, सगळ्यांदेखत पोलिसांच्या गाडीत चढताना हवा होता. तसाच चढला. जाताना माझ्यासमोर वाकून पुटपुटला, "ताई, माफ करा."

"नाही करणार," मी म्हटलं. आजही केलेलं नाही.

भावाला मी सगळं सांगितलं. तो भिंतीकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "म्हणजे मी शंका घेतली म्हणून नाही झालं?"

"एकच क्षण घेतलीस म्हणून झालं. थोडा जास्त वेळ घेतली असतीस, तर गाडी बाजूला लावली असतीस."

त्याने तोंडावर उशी दाबली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर रडला. नंतर कुबड्या घेऊन कोर्टात उभा राहिला, तेव्हा त्याचा आवाज जराही कापला नाही.

साक्ष संपवून आम्ही कोर्टाच्या आवारात आलो, तर एक गृहस्थ वाट अडवून उभे. बायको, दोन मुली आणि मागे उभी त्यांची चकचकीत वेगवान गाडी.

"बाई, तुम्ही काहीही म्हणा," ते तावातावाने म्हणाले, "त्या बाटलीने माझ्या गाडीचा धूर थांबला! माणूस खोटा असेल, औषध खरं आहे."

"झिजलेलं लोखंड बाटलीतल्या काकवीने परत वाढत नाही," मी म्हटलं. "रिंगा झिजल्या की तेल वर चढून इंधनाबरोबर जळणारच. धूर लपेल, तेल उरणार नाही. सील आहे का अजून?"

"आहे. मी नियम मोडत नाही."

"गुरू तुरुंगात आहे. नियम कुणासाठी पाळताय?"

त्यांनी मुलींना गाडीत बसायची खूण केली. माझा भाऊ कुबड्या टेकत पुढे गेला आणि शांतपणे म्हणाला, "काका, मुलींना बसवण्याआधी एकदा बघा. फक्त बघा."

काकांची नजर त्याच्या दुमडलेल्या पॅन्टवर गेली. त्यांनी बॉनेट उघडलं, लाख फोडली आणि पट्टी ओढली. टोक कोरडं खडखडीत होतं. त्यांनी ती रुमालाने पुसून पुन्हा घातली, पुन्हा काढली. तरी कोरडी.

मागचं दार उघडून धाकटी मुलगी आत चढतच होती. काकांनी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. किल्ली खिशात टाकली आणि मला विचारलं, "जवळ गॅरेज कुठंय?"

म्हणून सांगते. कुणी तुम्हाला काही बघू नका म्हणत असेल, मग ते गाडीत असो, औषधात असो की देवाच्या नावावर, तर त्याला का ते विचारा. आणि त्याने उत्तर द्यायची वाट न बघता आधी बघून घ्या.