पऱ्ह्यातली पावलं

गोदावरीबाईचा पोरगा इश्वर तसा नाहीच, असं सारं गाव म्हणत होतं. मग त्यानं तसं केलं काहून, याचं उत्तर मात्र घरागणिक निराळं. भय्याजी म्हणे, मोहाची दारू. पार्वताबाई म्हणे, बायको माहेरी जाऊन बसली, तरण्या माणसानं करावं काय? कोणी म्हणे, तुळसा धानाच्या रोवण्याची मजूर, भर दुपारी एकटी बोडीच्या पाण्यावर गेली कायले? शेवटी साऱ्यांच्या सोयीचं कारण सापडलं. बोडीच्या तळ्यात बुडून मेलेली बाई इश्वरच्या अंगात शिरली. भुताला काही पोलीस धरत नाहीत.

तुळसा एवढंच सांगत होती, "तो पळसामागं उभा होता. बाकीच्या बाया जाऊ देल्या त्यानं, अन् मले एकटीले धरलं."

ते कोणी ऐकलं नाही. गोदावरीबाईनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तशी ती एकटीच बोडीकडे गेली. वारा नव्हता, बेडूकही गप्प. चिखलात पोराची ओळखीची पावलं स्पष्ट उमटली होती. केवळरामच्या धानाच्या बांधीतून ती सरळ गेलेली, पऱ्हे, म्हणजे धानाची कोवळी रोपं, चिखलात तुडवत. पुढं तिची स्वतःची बांधी. तिथं मात्र पावलं बांधाच्या धुऱ्यावर चढली आणि पऱ्ह्यांना वळसा घालून पळसाकडे गेली. एक काडी मोडली नव्हती. लहानपणी पऱ्ह्यात पाय पडला की तिनंच त्याला बदडलं होतं.

भर उन्हात गोदावरीबाई त्या पावलांपाशी वाकली. भुताला आपली बांधी कोणती आणि लोकांची कोणती, हे कोणं सांगितलं?

संध्याकाळी अंगणात मांत्रिक सोमाजीनं धूप घातला. इश्वर घुमू लागला आणि बाईच्या बारीक आवाजात बोलला, "मी बोडीतली." लोकांनी हात जोडले. आता आईनं काळा दोरा बांधायचा, की भूत उतरलं. मग पंच तुळसाला लुगडं देऊन गप्प बसवणार. ती कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती.

गोदावरीबाईनं दोरा घेतला नाही. पऱ्ह्याची एक जुडी आणून तिनं घुमणाऱ्या पोराच्या पायापुढं ठेवली.

पाय वर उचलला गेला, हवेतच थांबला, आणि जुडीच्या बाजूला अलगद टेकला.

इश्वर झुकला आणि आपल्या रोजच्या आवाजात हळूच म्हणाला, "माय, उचल ते."

"भूत असतं तं तुडवलं असतं," ती म्हणाली. मग कोपऱ्याकडे वळली. "तुळसा, ऊठ वो. ठाण्यात जाऊ. मी येतो संग."

दोघी फाटकाबाहेर पडल्या, तसा मागं तो बारीक बायकी आवाज पुन्हा सुरू झाला. आता गोदावरीबाईला त्याची खरी भीती वाटली. त्या आवाजात पोराशिवाय दुसरं कोणीच नव्हतं.