थांबा आजी, साल कोणतं?

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. माझं झाकण निखळलंय, एक बटण रबरबँडच्या जिवावर तगून आहे. तुमच्या खिशातल्या फोनपुढे आता मला कोण विचारतो! पण जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज जरा माझं ऐका.

कारखान्यातल्या एका कामगारणीने मला कानाशी धरलं, चाकं फिरवून पाहिली आणि म्हणाली, "हा टिकेल." टिकलो बुवा! मला विकत घेतलं ते इतिहासाच्या एका तरुण प्राध्यापिकेने. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. बाहेरून आलेल्यांनी इथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी कशा बळकावल्या आणि तिथेच घरं बांधून ते मालक कसे झाले, हा बाईंचा विषय. त्यांचे स्वतःचे पणजोबा त्या बाहेरून आलेल्यांतलेच. ते बाईंना फार डाचायचं. म्हणून त्या जीव तोडून काम करत आणि मलाही जुंपत.

काय दिवस होते ते! वस्तीवस्तीतली स्वयंपाकघरं, बाहेर भुंकणारी कुत्री, आणि टेबलावर पाण्याच्या पेल्याशेजारी मी. म्हातारी माणसं आधी माझ्याकडे संशयाने बघत, मग मला विसरून मोकळेपणाने बोलत. पण साल कळल्याशिवाय बाई पुढे सरकत नसत. "साल नसलं की लोक म्हणतात, ही भाकडकथा," असं त्या विद्यार्थ्यांना बजावत. त्यात खोटं काही नव्हतं. सालांच्या जोरावर त्यांनी भल्याभल्यांची तोंडं बंद केली. पुस्तकं निघाली, विभागप्रमुखपद मिळालं. एका सत्काराला मलाही मंचावर मांडलं होतं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू?

पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. बाई निवृत्त झाल्या. माझ्यावर धूळ साचली.

परवा एक अनोळखी स्त्री दारात उभी राहिली. फार पूर्वी आम्ही जिचा आवाज टेपवर घेतला होता, त्या एका आजीची ती नात.

"मॅडम, आमच्या जुन्या दफनभूमीवरून रस्ता जातोय. नेमकी जागा दाखवा, मगच काम थांबवू, म्हणतात. जागा एकट्या आजीला ठाऊक होती. तुम्हाला बोलली असेल ना?"

"अगं, बोलली असणारच!" बाईंनी लगबगीने मला खाली काढलं आणि टेप घातली.

आजींचा आवाज आला तशी नात तोंडावर हात धरून बसली.

"आमची सगळी माणसं तिथंच निजलीत गं पोरी. माझी आईसुद्धा. ओढा ओलांडलास ना, की उजव्या हाताला..."

"थांबा आजी, साल कोणतं?"

बाईंचा तरुण आवाज. किती ठणठणीत!

"साल?" आजी गडबडल्या. "आता आई गेली ते साल कसं सांगू? धाकटीच्या लग्नाआधी... का नंतर?" मग लग्नं आठवून झाली, साथीचे आजार आठवून झाले. शेवटी साल सापडलं. बाई खूश झाल्या. आजी दमल्या होत्या. "बाकीचं पुढल्या खेपेला," म्हणाल्या. पुढली खेप झालीच नाही. त्याच थंडीत आजी गेल्या.

मी जे होतं ते वाजवलं. मला दुसरं येतं तरी काय? ओरडावंसं वाटत होतं, 'आजी, तिच्याकडे लक्ष देऊ नका, बोला!' पण पोटातच नाही ते ओठांवर कुठून आणू?

नातीने टेप मागे फिरवली. पुन्हा तेच. आणखी एकदा. शेवटी बाईंनी कान झाकून घेतले.

"माझा आवाज पुसता येईल का गं?"

"पुसून काय मिळणार, मॅडम? त्याच्याखाली आजी नाहीये."

नात फार वेळ थांबली नाही. रस्त्याचं काम सुरू झाल्याचा तिचा फोन काल आला. बाई नुसतं "हं, हं" म्हणत राहिल्या, आणि फोन ठेवल्यावर रडल्या. मी समोरच होतो. काय करणार?

मित्रांनो, माझी धूळ राहू द्या. पण घरात कुणी म्हातारं माणूस बोलू लागलं, तर मध्ये तोंड घालू नका. आधी त्याला ओढ्यापलीकडे जाऊ द्या. साल मागाहून विचारा.