शाफ्टमधली भोकं

"मी सही करणार नाही," अलका वैरागडे म्हणाली आणि डोक्यावरचं हेल्मेट काढून तिनं फणसेसाहेबांच्या टेबलावर ठेवलं.

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या नव्या पाच मजली इमारतीला रंग लागला होता, लिफ्ट चालू झाली होती, क्वार्टरच्या किल्ल्या वाटायचा दिवस ठरला होता. अलका तिथली साइट इंजिनीअर; काम नीट झाल्याच्या दाखल्यावर तिची सही तेवढी बाकी होती. आदल्या दिवशी तिनं मजल्या-मजल्यावर शाफ्टची दारं उघडून टॉर्च मारला होता. शाफ्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत गेलेला उभा बोळ. स्लॅबमधल्या भोकांतून केबली आणि पाइप वर जातात. भोवतीच्या फटी नीट बुजवल्या नाहीत, तर खालची आग आणि धूर त्याच वाटेनं घराघरांत शिरतात. ठेकेदारानं फटींत पिवळा फोम मारून वरून सिमेंटचा हात फिरवला होता. अलकानं बोट दाबलं, तर ते आरपार गेलं.

"अहो, भोक बंद केलंय ना? मग झालं," फणसे म्हणाले. टाउनशिपच्या बांधकाम विभागाचे ते प्रमुख. मूळ अमरावतीचे, अलकाच्या वडिलांच्या ओळखीतले.

"तो खिडक्यांच्या चौकटी बसवायचा फोम आहे, साहेब. आग अडवायचं सोडा, तोच पेटतो. आणि प्लास्टिकच्या पाइपांना कॉलर नाहीत. पाइप वितळला की तिथं हे एवढं भोक उरतं. कॉलर तापली की फुगते आणि ते भोक दाबून टाकते. ड्रॉइंगमध्ये दाखवलंय."

"शाफ्टच्या आत कोण बघायला जाणार आहे?"

"मी बघितलंय."

संध्याकाळपर्यंत बातमी टाउनशिपभर झाली. वैरागडे मॅडमनं किल्ल्या अडवल्या! दुसऱ्या दिवशी टाउनशिपला लागून असलेल्या अवधपुरीच्या भाजीबाजारात सुमित्राकाकूंनी तिला गाठलं. काकू ग्वाल्हेरच्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेले, आणि जुन्या क्वार्टरच्या छताचे पोपडे त्यांच्या पांघरुणावर पडायचे. नव्या इमारतीत त्यांना चौथा मजला मिळाला होता.

"तुझं स्वतःचं घर कोरडं आहे ना? मग तुला काय कळणार!" काकू सगळ्यांसमोर कडाडल्या. "दोन भोकांसाठी आम्हाला ताटकळत ठेवतेस?"

अलकाला ते लागलं. सही करून टाकावी, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. मग चौथ्या मजल्यावर पलंगावरून उठू न शकणारा माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला.

"काकू, रविवारी सकाळी इमारतीवर या," ती म्हणाली. "सगळ्यांना घेऊन या. मग शिव्या द्या."

टाउनशिपमध्ये डासांसाठी धूर सोडायचं यंत्र होतं. ते चालवणाऱ्या श्यामला तिनं औषध न घालता यंत्र आणायला सांगितलं. रविवारी पंधरा-वीस माणसं चौथ्या मजल्यावर काकूंना मिळालेल्या क्वार्टरच्या स्वयंपाकघरात जमली. तोंडं फुगलेलीच. खिडक्या बंद. खाली मीटरच्या खोलीतून श्यामनं शाफ्टमध्ये धुराचा झोत सोडला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. कोणीतरी हसलं. मग सिंकखालून पांढरी रेघ निघाली. पाठोपाठ विजेच्या बोर्डाच्या कडांमधून धूर यायला लागला. बघता बघता समोरची भिंत दिसेना. काकू पदर नाकाला लावून खोकत खोकत बाहेरच्या खोलीतून दाराकडे धावल्या आणि मधेच थबकल्या; धूर तिथंही पोचला होता. खिडकीखालच्या मोकळ्या जागेकडे बघत राहिल्या.

"इथं यांचा पलंग लावणार होते मी," त्या म्हणाल्या.

जिन्यातून फणसे धापा टाकत वर आले. "हा काय तमाशा आहे? कोणाच्या परवानगीनं?"

"कोणाच्याच नाही," अलका म्हणाली. "परवानगी मागितली असती तर तुम्ही दिली नसती."

"तुमची बदली करीन मी!"

"करा. सही तरीही मिळणार नाही."

फणसे काही बोलणार, तोच काकू मधे आल्या. "आणि किल्ली मीसुद्धा घेणार नाही, साहेब. आधी हे बुजवा."

बदली झालीच. अलकाला पाण्याच्या टाक्यांवर पाठवलं, वर कारणे दाखवा नोटीस. पण एकाही कुटुंबानं किल्ली घेतली नाही. शेवटी ठेकेदाराला सगळा फोम खरवडून काढावा लागला. फटींत न जळणारी दगडी लोकर ठासली, वरून आग अडवणारा लेप दिला, पाइपांना कॉलर बसल्या. भिंती आणि स्लॅब यांच्यामधल्या सांधीही भरल्या. पावसाळा तोंडावर आला तेव्हा लोक राहायला गेले.

काकूंच्या वास्तुशांतीला अलका गेली, तर तिसऱ्या मजल्यावर शाफ्टचं दार उघडं. शिडीवर चढलेला इंटरनेटवाला नव्या लेपातून ड्रिल घालून वायर ओढत होता. भोवती बोटभर फट.

"रुको. ये छेद कौन भरेगा?"

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आप तो अब इस बिल्डिंग की इंजीनियर नहीं हो ना, मैडम?"

"नहीं हूँ," अलका म्हणाली आणि जरीची साडी सावरून शाफ्टच्या दारातच उंबऱ्यावर बसली. "छेद भरो. तब तक तुम्हारी सीढ़ी यहीं रहेगी."

वरून काकू जेवायला हाका मारत होत्या. तो माणूस पुटपुटत ठेकेदाराचा उरलेला लेपाचा डबा शोधायला गेला. फट भरून होईपर्यंत अलका तिथून हलली नाही.